हरकत नोंदवून मानसोपचारतज्ज्ञांपुढे

पत्नीला मी पाठवलेली नोटीस कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होती, हे आरंभीच नमूद करतो. माझ्या पत्रांच्या प्रतींचा एक गठ्ठा तिने मला न विचारता रद्दीवाल्याला दिला. त्यात गटाराच्या झाकणाबाबत महापालिकेशी झालेला संपूर्ण पत्रव्यवहार होता. झाकण अद्याप बसलेले नाही. म्हणजे प्रकरण जिवंत होते. मी पंधरा दिवसांत लेखी खुलासा मागवला आणि नोटीस स्पीड पोस्टाने आमच्याच गिरगावच्या पत्त्यावर रवाना केली. पोस्टमनने दारात तिची सही घेतली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. तिने पत्र उभ्याउभ्या वाचले, कुकरखालचा गॅस बंद केला आणि पिशवीत साड्या भरू लागली.

"अहो, मी तुमच्यापासून हातभर अंतरावर असते. मला पोस्टाने पत्र?"

"तोंडी सांगितल्याला पुरावा नसतो."

"मग हे तोंडीच ऐका. आधी डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. दाखवलंत तर परत येईन. नाहीतर ठाकूरद्वारला दादाकडे जागा भरपूर आहे."

जागा भरपूर नाही, हे मला माहीत आहे. तरीही ती गेली.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हिंदमाताजवळच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या नावे चिठ्ठी दिली. मी तयारीनिशी गेलो. तिथे आडवे झोपवतील, डोळ्यांसमोर काहीतरी हलवतील आणि मी वेडा असल्याचे माझ्याच तोंडून वदवून घेतील, अशी माझी अपेक्षा होती. म्हणून निवेदन टाइप करून नेले. 'तपासणीस हजर राहणे म्हणजे आजार मान्य करणे नव्हे', हे त्यातील पहिले वाक्य.

दवाखाना साड्यांच्या दुकानाच्या वर आहे. झोपवण्याची व्यवस्था नव्हती. दोन खुर्च्या, एक टेबल, एक पंखा. दिलेली वेळ उलटून गेल्यावर मला आत बोलावण्यात आले. त्याबाबत हरकत नोंदवली. डॉक्टर वयाने माझ्या निम्म्या असाव्यात. त्यांनी निवेदन घेतले आणि बाजूला ठेवले.

"हे मी नंतर नक्की वाचते, काका. आधी तुम्ही सांगा."

"त्यात सर्व आले आहे."

"झोपेचं काय लिहिलंय?"

झोपेचे काही लिहिले नव्हते. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली: पहाटे जाग किती वाजता येते, भूक कशी आहे, रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे, मद्यपान, विस्मरण, घराण्यात कोणाला असा त्रास. मी विचारले, हे लिहून घेतलेले कोण वाचणार? त्या म्हणाल्या, "तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांनाही सांगणार नाही. जिवाला धोका वाटला, तर मात्र सांगावं लागेल." न विचारता अपवाद सांगणारी व्यक्ती मला पुष्कळ दिवसांनी भेटली.

"जगू नये असं कधी वाटतं का? हे मी सगळ्यांनाच विचारते."

"महापालिकेचे उत्तर येईपर्यंत मला तसे करता येणार नाही."

त्या हसल्या नाहीत. प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा मी सरळ 'नाही' म्हटले.

"राग आला की शरीरात कुठे जाणवतो?"

प्रश्न अप्रस्तुत आहे, असे म्हणण्यासाठी तोंड उघडले तेव्हा जबडा आवळलेला असल्याचे लक्षात आले. तसे सांगितले.

"घरी बोलायला कोण असतं?"

"प्रतिपक्ष सध्या माहेरी आहे."

त्यांचे पेन थांबले. "प्रतिपक्ष म्हणजे काकू?"

"होय."

"त्या नसताना सगळ्यात अवघड काय जातं?"

पत्र वाचून दाखवायला कोणी नाही, असे मी उत्तर दिले. हे उत्तर तयार केलेले नव्हते. प्रत्येक पत्र मी तिला वाचून दाखवतो. ती मेथी निवडत ऐकते आणि मध्येच म्हणते, "हा शब्द काढा, लागेल त्यांना." मी वाद घालतो आणि शब्द काढतो. आजवर एकच पत्र तिला आधी न वाचून दाखवता गेले, आणि ते तिलाच गेले. हे मी मोठ्याने म्हणालो. डॉक्टरांनी ते लिहून घेतले.

नंतर त्यांनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, कारण थायरॉइडनेही असे होते. एक लहान गोळी दिली. गुण यायला काही आठवडे लागतात, मनाने बंद करायची नाही. बोलण्यासाठी समुपदेशक वेगळे असतात, गरज वाटली तर त्यांच्याकडे पाठवू, म्हणाल्या. मी हजेरीचा दाखला मागितला.

"कोणाला द्यायचाय?"

"पत्नीला."

"देईन. पण एकदा दाखल्याशिवाय जाऊन बघा ना, काका."

ही अट मला अन्यायकारक वाटली. तरीही तसाच ठाकूरद्वारला गेलो. दार तिनेच उघडले.

"जाऊन आलात? पुरावा?"

"नाही."

तिने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले. "बसा. मग तोंडीच सांगा."

मी झोप सांगितली, जबडा सांगितला, शेवटी मेथीचेही सांगितले.

"पुढची तारीख कधी?"

"पंधरा दिवसांनी."

"मी येते. तुमची एकट्याची बाजू ऐकून ती बिचारी काय करणार?"

दुसरी बाजू ऐकून घेतलीच पाहिजे, हे मी स्वतः अनेक कार्यालयांना लिहिलेले आहे. हरकत घेता आली नाही.

तारखेला मी पोचलो तेव्हा ती दवाखान्याच्या जिन्याशी उभी होती. हातात साड्यांची पिशवी. हिंदमाताच्या साडीबाजारात साड्यांच्या पिशवीवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. परंतु ही पिशवी जुनी होती आणि आमच्या घरातून गेलेली होती.

"धरा," ती म्हणाली. "खुलासा आत देते."