आधी नंबर सांगा

अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या त्या ऑपरेटरनं माझं डोकं उठवलं होतं. मी वकील, अकोल्याला माझे सारखे ट्रंक कॉल. इतकी वर्षं माझा आवाज ऐकूनही हा विचारायचा, "कोण बोलून राह्यले? आधी तुमचा नंबर सांगा."

मी खेकसायचो, "अजून मले वळखत नाही का तुमी?"

"वळखतो ना. नंबर सांगा."

एकदा त्यानंच फोन केला. "वकीलसाहेब, काल तुमी अकोल्याले कोणाशी बोलले, थे कोणीतरी तुमच्या नावानं इचारत होता. आवाज हुबेहूब तुमचा."

काल मी आमच्या साक्षीदाराशी बोललो होतो. "सांगून टाकलं?"

"नाही. नंबर मागितला, तं त्यानं मुकाट्यानं देला. तुमी असते तं आधी खेकसले असते."