वनिताचं ‘येते हं’

कॅनडातल्या मिसिसागा शहरातली वनिता शाळेची पिवळी बस चालवायची. सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांची बेचाळीस मुलं नावानिशी ओळखायची, घरोघरी पोचवायची, आणि रिकामी बस लावून आपल्या फ्लॅटवर, कॉन्डोवर, परतायची. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण घरात मूल नव्हतं.

दत्तक घ्यायचं ठरलं तेव्हा ती आणि नवरा चारुदत्त रीतसर प्रशिक्षणाला बसले. घराची, स्वभावाची, पार सासू-सुनेचं पटतं का इथवर चौकशी झाली. पुढे रस्ते दोन होते. एक खासगी एजन्सीचा: बाळ जन्मायच्या आधी त्याची आईच फायली पाहून आईबाप निवडते. दुसरा सरकारी: परक्यांच्या फॉस्टर घरांत तात्पुरती ठेवलेली, थोडी मोठी, बरंच सोसलेली मुलं. यांनी दोन्हीकडे अर्ज ठेवला. वर्षभर कुठूनच काही नाही, आणि २०१७च्या ऑक्टोबरात एकाच आठवड्यात दोन्हीकडून फोन. एका तरुण मुलीनं यांची फाइल निवडली होती, ती डिसेंबरात बाळंत होणार होती. आणि शेजारच्या ब्रॅम्पटन गावातल्या फॉस्टर घरात होती सहा वर्षांची टेसा. शुक्रवारपर्यंत एकीकडे हो कळवायचं होतं.

“तान्हं बाळच बरं, वनू,” चारुदत्त म्हणाला. “स्वतःच्या हातांनी न्हाऊमाखू घालशील. सहा वर्षांची पोर आल्या आल्या भेंडी नको म्हणेल.”

“तुम्ही पंचेचाळिशीचे झालात, अजून भेंडी नको म्हणता. सांभाळलंच ना मी?”

असं म्हणाली खरी, पण तिलाही बाळच हवं होतं. देवापुढे रोज तेच मागणं होतं.

मंगळवारी ती टेसाला नुसती भेटायला गेली. सोशल वर्कर डियाननं बजावलं होतं, “ओळखीची, बस चालवणारी बाई म्हणून भेटा. कसलंही वचन देऊ नका.” पोरीची चार घरं बदलून झाली होती, आणि प्रत्येक घरात कुणी ना कुणी तिला काहीतरी कबूल केलं होतं. टेसा तासभर चित्र रंगवत बसली. वर पाहिलंच नाही. वनिता निघाली. आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, जिभेला ते वळणच नसतं. घाईत सवयीचं ‘येते हं’ तसंच्या तसं इंग्रजीत उतरलं.

“ओके टेसा, आय कम.”

पोरीनं पहिल्यांदा मान वर केली.

गुरुवारी डियानचा फोन आला. “त्या मुलीला काय सांगितलंत तुम्ही?”

“काहीच नाही. का?”

“परवापासून शाळेतून आली की खिडकीत बसते. जेवतेसुद्धा तिथेच. म्हणते, बसवाली बाई म्हणाली, आय कम.”

वनिता ओशाळली. इंग्रजी चुकलं, माफ करा, असं म्हणणार होती, तोच खिडकीत बसलेली पोर डोळ्यांपुढे आली. आजवर देवाच्या दारात तीच ताटकळत आली होती. वाट पाहणं हे आपलं काम, एवढंच तिला ठाऊक. आपली वाट कुणी पाहत असेल, तीही तोंडून निसटलेल्या दोन शब्दांवर, हे कधी मनातच आलं नव्हतं. चार घरांनी धडा शिकवूनही त्या एवढ्याशा जिवानं विश्वास ठेवला होता! तिच्या अंगावर काटा आला. हात जोडले गेले, पण कुणापुढे ते तिलाही कळेना.

“अगं, चुकून बोललीस,” सगळं ऐकून चारुदत्त म्हणाला. “डियान समजावेल तिला.”

“‘येते’ म्हणतो ते आपण चुकून म्हणतो का हो?”

त्यानं विचारलं, “आणि बाळ?”

“बाळाच्या आईपुढे आणखी फायली आहेत. टेसा दुसऱ्या कुणाची वाट बघत नाहीये.”

दोघंही रडली. इतकी वर्षं मागितलेलं बाळ हाताशी आलं होतं. वनितानं स्वतःच एजन्सीला फोन करून नाही कळवलं.

शुक्रवारी डियानला टेसासाठी हो कळवून, तिला विचारून दोघं ब्रॅम्पटनला गेली. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं.

“थ्री डेज!” टेसा फणकारली.

साहेबापुढेही कधी चूक कबूल न करणारा चारुदत्त मान खाली घालून म्हणाला, “सॉरी.”