भीतीची चौकशी करणारे काका

आधी मासळीवाल्या मावशींचं सांगते. पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावरून टोपली घेऊन काकांच्या दारावर यायच्या त्या मावशी. त्या दिवशी पालघरच्या वाचनालयात त्या उठून उभ्या राहिल्या नसत्या, तर मी खाली मान घालून बाहेर पडले असते आणि पुन्हा चार माणसांत तोंड उघडलं नसतं. म्हणून त्यांचा उल्लेख पहिला. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही.

काका म्हणजे मी ज्यांची देखभाल करत होते ते. गावात एखाद्याच घरी टीव्ही असायचा, त्या काळात त्यांनी टीव्हीसाठी विज्ञानाच्या आणि भुताखेताच्या मालिका लिहिल्या. मराठीत असं लिहिणारे ते पहिलेच, असं सगळे सांगतात. मी त्यांची एकही मालिका पाहिलेली नाही. माझ्या जन्माआधीची गोष्ट. शिवाय टेपा महाग म्हणून एका कार्यक्रमावरच दुसरा भरायचे, त्यामुळे आता त्या कुणालाच बघता येत नाहीत. काकांना त्याचं वाईट वाटत नसे. म्हणायचे, ज्याला भीती वाटली त्याच्या डोक्यात टेप शिल्लक आहे, पुरे झालं.

मी हिंगोलीकडची. आठवीत असताना बाईंनी मला धडा मोठ्याने वाचायला उभं केलं. आवाजच फुटला नाही. वर्ग हसला. मी घरी आले ती परत गेलेच नाही. आईने दोन-चार दिवस आरडाओरडा केला, मग तिलाही शेतात हात मिळाला. लग्नानंतर बोईसरला आले. नवरा रंगाईच्या कारखान्यात. चाळीत सगळे हिंदी बोलणारे, त्यामुळे न बोलायला मला बरं कारण मिळालं. पण घाबरायचं काही सुटलं नाही. कारखान्याचा भोंगा वेळेवर वाजला तरी भीती, नाही वाजला तर जास्त भीती. गॅस बंद केला का ते बघायला मी जिन्यावरून परत फिरायची, कुलूप ओढून बघायची, खाली उतरून पुन्हा वर यायची. शेजारीण म्हणायची, तुला एक दिवस हे कुलूपच पागल करणार.

चाळीतल्याच एका बाईने काकांच्या घरचं काम सुचवलं. काकू गेलेल्या, मुलगी पुण्याला, काकांची नजर जवळजवळ गेलेली. बोईसरहून पालघरला आणि तिथून माहीमला बस बदलत जायचं. पानवेलींच्या वाडीत कौलारू घर, मागे सुरूची झाडं. मला वाटलं होतं भुतांच्या गोष्टी लिहिणारा माणूस कसा असेल कोण जाणे. होते आपले बनियन घातलेले म्हातारे, इंजेक्शन म्हटलं की हात मागे लपवणारे.

त्यांनी मला शिक्षण विचारलं नाही, जात विचारली नाही. पहिला प्रश्न विचारला, "शेवटची कधी घाबरलीस?"

मी म्हटलं, आत्ता, फाटक उघडताना. कशाला, तर आत कुत्रा असेल म्हणून. कुत्रा दिसला का? नाही. मग भुंकला का? नाही, पण साखळी वाजल्यासारखं वाटलं. काका खुर्चीत सरसावून बसले. माझ्याकडून सकाळपासूनच्या सगळ्या भीत्या त्यांनी काढून घेतल्या, बस चुकण्यापासून गॅसपर्यंत. शेवटी म्हणाले, "तुझ्यासारखं माणूस मला तरुणपणी मिळायला हवं होतं. फार कष्ट वाचले असते."

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी घाबरट असण्याबद्दल शाबासकी दिली.

त्यांची लिहायची एक पद्धत होती. कागद मधोमध दुमडायचा. डाव्या बाजूला काय दिसतं ते, उजव्या बाजूला काय ऐकू येतं ते. टीव्हीचं लिखाण तेव्हा असंच करत. नजर गेल्यावर ते सांगायचे आणि मी लिहायची. माझं अक्षर सावकाश, ते थांबायचे. छापायला कुणी मागत नव्हतं, पण सवय सुटत नव्हती. ते सांगायचे की त्यांच्या वेळी अंतराळयान दाखवायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी यान कधी दाखवलंच नाही, फक्त ऐकवलं. विहिरीच्या रहाटाचा आवाज टेप करून उलटा वाजवला की झालं यान. डावी बाजू कोरी आणि उजव्या बाजूला काहीतरी लिहिलेलं असलं की बघणारा घाबरतो, हे त्यांना या गरिबीतून कळलं. "तुझं पण तेच आहे," ते म्हणायचे. "तू उजवीकडचं फार लिहितेस. उठून डावीकडे काय आहे ते बघून ये." मग मी जायची, कपाटामागे बघायची, पाल असायची. ती डावीकडे लिहायची.

मावशींची आणि त्यांची जुनी भांडणं होती. मावशी नवी सून म्हणून गावात आल्या तेव्हाची एक मालिका. समुद्रातलं काहीतरी होडीच्या दिव्याकडे येतं, अशी. गावात एका घरी टीव्ही, सगळी वस्ती ओट्यावर. मालिका संपली तसे बाप्ये दिवे लावून समुद्रावर जाईनात. दिवे न लावता तर त्याहून जाईनात. शेवटी बायका टोपल्या घेऊन काकांच्या दारात आल्या. भांडायला नाही, काम सांगायला. तुमी आणलंत, तुमीच परत न्या, म्हणाल्या. मालिका संपल्याचं काकांनी समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. आणलेली गोष्ट पाठवणी केल्याशिवाय जात नाही, हे लहान मुलाला पण कळतं, असं त्यांचं म्हणणं. मग काकांनी टीव्ही केंद्रावर भांडून एक जास्तीचा भाग लिहिला. त्यात गावातल्या बायका नारळ सोडतात आणि ते आलेलं मागे फिरतं. केंद्रातले साहेब चिडले होते म्हणे. पण होड्या दुसऱ्या दिवशी गेल्या.

काका हे सांगताना नेहमी म्हणत, माझ्या लिखाणाला एवढं खरं मानणारे प्रेक्षक मला पुन्हा मिळाले नाहीत. आणि मावशी टोपलीवरून म्हणत, "खरं मानलं म्हणून मासळी खातोस, नायतर डाळ खाल्ली असतीस."

गेल्या वर्षी काका गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत. जायच्या आधी बरेच दिवस त्यांनी मला एका गोष्टीत अडकवून ठेवलं होतं. त्यांच्यामागे सभा झाली तर मी बोलायचं. मी म्हटलं, काका, मी आठवी नापास पण नाही, मी आठवीतून पळालेली. ते म्हणाले, सगळे लिखाणाबद्दल बोलतील, ज्याने काही पाहिलं नाही असं कुणीतरी बोलावं. मी हो म्हटलं, कारण त्यांना नाही म्हणणं जमायचं नाही. आणि मग रोज त्या 'हो'ला घाबरत राहिले.

सभेच्या दिवशी वाचनालयात ताईंनी, म्हणजे त्यांच्या मुलीने, मला पुढच्या रांगेत बसवलं. मी मधोमध दुमडलेला कागद आणला होता, दोन्ही बाजू भरून. जुने नट आले होते, कॉलेजातले सर होते, पत्रकार होते. सगळे छान बोलले. मग माझी पाळी आली. मी माईकपाशी गेले, कागद उघडला आणि जे शाळेत झालं तेच झालं. अक्षरं दिसत होती, घशातून काही येत नव्हतं. कुणीतरी खाकरलं. ताई उठायच्या बेतात होत्या, मला सोडवायला. मी कागदाची घडी घालायला लागले.

तेवढ्यात मागून मावशी उभ्या राहिल्या. सकाळची मासळी विकून तशाच आल्या होत्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "सकाळी तू आलीस का भाऊ पयलं काय विचारायचा?"

सूत्रसंचालक पुढे झाले आणि हळूच म्हणाले, मावशी, बसून घ्या. मावशींनी त्यांच्याकडे बघितलं पण नाही. "तू बस रे. तुला बोलायला दिलेलं तवा आमी गप ऐकलं."

लोक हसले. त्या हसण्यात माझा आवाज निघाला. मी म्हटलं, विचारायचे, काल काय ऐकलंस? मावशींनी विचारलं, मग तू काय सांगायचीस? मी भोंग्याचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, इंजेक्शन दिताना हात कुठं लपवायचा? मी ते सांगितलं. पालीचं सांगितलं, कागदाच्या दोन बाजूंचं सांगितलं. मधे मधे मावशी म्हणायच्या, खोटं नको बोलू, मासळी आवडायची त्याला ते पण सांग. होड्यांचं मात्र त्यांनी स्वतःच सांगितलं, उभ्या उभ्या, तिखटमीठ लावून, आणि मला साक्षीला ठेवलं. मी खिशात कागद कधी ठेवला ते मला आठवत नाही.

नंतर चहाच्या वेळी एक म्हातारे नट माझ्याजवळ आले. म्हणाले, फार छान बसवला होता प्रवेश, त्यांनीच लिहून ठेवला असेल ना? मी नाही म्हटलं तरी त्यांना पटलं नाही. मावशी बाजूला बिस्कीट बुडवत होत्या. त्या म्हणाल्या, "हाय तर. त्यानेच लिवलेला." आणि मला डोळा मारला.

बसस्टॉपवर मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतला. म्हणाल्या, तुझा आवाज हाय की चांगला, एवढे दिवस कुणासाठी ठेवलेलास?

आता मी पालघरलाच एका आजींकडे काम करते. गॅस अजून तपासते, पण एकदाच परत फिरते. मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सुरमईला हलवा मासा म्हणून विकतात आणि गिऱ्हाइकाशीच भांडतात. ऑपरेशनचं नाव काढलं की पावसानंतर बघू, पावसानंतर म्हटलं की दिवाळीनंतर बघू. त्या घाबरतात. मला ते लगेच कळतं, दुसऱ्या कुणाला कळत नाही.

मावशी, तुम्ही ऑपरेशनला जेव्हा जाल तेव्हा मी सुट्टी घेईन. टेबलावर नेईपर्यंत बाजूला बसेन आणि तुम्हाला एकामागून एक प्रश्न विचारत राहीन. नंतर तुमच्या घरी राहून वेळच्या वेळी डोळ्यांत थेंब घालीन. तुम्ही शिव्या द्याल, द्या. पण हे मी करणार आहे.