कुंकू लावलेल्या नळ्या

तपासणीच्या कार्डावर सही करताना तुम्ही वस्तूकडे पाहता की साहेबांच्या चेहऱ्याकडे? मी चेहऱ्याकडे पाहत असे. सुलोचनामावशी भेटेपर्यंत.

कुकटपल्लीच्या आमच्या कारखान्यात कृत्रिम पाय तयार होत. ॲल्युमिनियमची नळी आणि उरलेला पाय जिच्यात बसतो ती काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची वाटी गोंदाने जोडायची. तो सांधा सुटला तर माणूस भररस्त्यात कोसळणार. म्हणून गोंदाआधी धातू निर्मळ हवा. नळ्या ॲसिडने धुणं आणि तपासून कार्डावर सही करणं, हे मावशींचं काम. शेजारच्या टेबलावर जोडलेले पाय तपासून सही करणं माझं. मूळच्या नांदेडकडच्या, राहायला काचीगुड्याला. दिसेल त्या धातूवर त्या पाण्याचा थेंब टाकत. पसरला तर स्वच्छ, मण्यासारखा उभा राहिला तर तेलकट. हॉटेलातल्या ताटलीचीही सुटका नव्हती. "नक्को भैया, धुऊन आण," असं वाढप्याला सांगत.

उदारीकरणाची वर्षं होती. बाहेरची यंत्रं मोकळेपणी येऊ लागली आणि मालकांनी लेसर आणलं. त्याचा किरण धातूवरची घाण जाळून टाकी आणि गोंदाला पकड मिळावी म्हणून पृष्ठभाग खरखरीत करी. ॲसिडची टाकी बंद होणार हे कळताच मी पेटून पत्रक लिहिलं, यंत्र माणसाच्या पोटावर उठलं आहे म्हणून. मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी भेगाळलेली बोटं माझ्यापुढे धरली.

"त्या टाकीपाशी तू किती दिवस बसलास रे बाबू?"

मी पत्रक खाली ठेवलं.

"मग टाकीसाठी रडू नको. मला ती मशीन शिकवा, असं लिही."

तसं लिहिलं. मालकांनी कागदाची घडी करून खिशात टाकली.

पहिल्या दिवशी पूजा झाली. लेसरखालून निघालेल्या बारा नळ्या ताटात मांडल्या, प्रत्येकीला कुंकू लागलं. सगळ्यांनी नळ्यांना हात लावून तो डोळ्यांना लावला, पाहुण्यांनी कौतुकाने बोटं फिरवली. मग कुंकू फडक्याने पुसून नळ्या थेट गोंदाच्या टेबलावर.

"साब, या परत लेसरखाली घाला," मावशी म्हणाल्या.

"क्या मौसी, तुमकू पूजा नक्को तो नळ्या बी नक्को?" मालकांनी विचारलं.

मावशी बौद्ध, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोघेतिघे हसले.

मावशींनी नळीवर थेंब टाकला. तो उभा राहिला. "पूजा तुमची, त्याला माझं काही नाही. मशीननं काम बरोबर केलं. नंतर आपल्या बोटांचं तेल बसलं."

"परसों पाँव बाटने का कँप है. सही करो."

"ही सही मी चाळिशीत गिरवून शिकले, साब. अशी नाही देणार."

मालकांनी पेन माझ्याकडे केलं. मी ते घेतलं. सही केली नाही, पण परतही दिलं नाही. नुसता उभा राहिलो.

मावशींना खोटं ठरवायला मालकांनी एकच नळी जोडायला लावली. दुसऱ्या दिवशी ताण देताच ती वाटीतून अलगद बाहेर आली. गोंदाच्या थरावर कुणाचा तरी अंगठा स्पष्ट उमटला होता. उरलेल्या अकरा मुकाट्याने लेसरखाली गेल्या आणि शिबिर पुढे ढकललं.

मशीन मात्र मालकांचा भाचा शिकला. मावशींना पॅकिंगमध्ये बसवलं. महिन्याभराने मावशी आपल्या मुलीकडे नांदेडला निघाल्या. पाण्याची छोटी बाटली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "मशीनला सही करता येत नाही, बाबू. तू पाहून करत जा."

मी पाहून करतो. पण ते हातात धरलेलं पेन अजून मला स्वस्थ बसू देत नाही. दुसऱ्यांच्या अन्यायावर पानंच्या पानं लिहिणारा मी, तिथे दोन पावलं सरकलो नव्हतो.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. उद्या घाईघाईत कार्ड पुढे येईल, तेव्हा आधी वस्तू मागा. तिच्यावर थेंब टाका. आणि शेजारच्या टेबलावर कुणी एकटीने सही नाकारली असेल, तर जागचे उठा आणि तिच्या बाजूला जाऊन उभे राहा.