अकरा माणसं आणि एक शेळी

आम्ही कुवेतमधून पळालो तेव्हा आमच्या गाडीत अकरा माणसं आणि एक शेळी होती. खोटं वाटत असेल तर ऑकलंडमधल्या कुठल्याही मराठी घरात जाऊन विचारा. गेली पंधरा वर्षं मी ही गोष्ट सांगते आहे आणि गोष्ट बाळसं धरते आहे. पहिल्यांदा माणसं सातच होती. ऑकलंडबाहेर रोटोटुनाला एका बारशात गोष्टीत शेळी आली. त्याच्या पुढच्या दिवाळीला, मंडळी फारच रंगात आली म्हणून, ती शेळी बगदादच्या अलीकडे व्यायली आणि तिच्या चिकाचा खरवस माझ्या आईने गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर शिजवला. वेलची नव्हती, एवढीच काय ती आईला रुखरुख.

"तुम्ही म्हणजे ना!" म्हणत लोक डोळे पुसतात. मीही हसते. मी माउंट रॉस्किलहून शहरात बस चालवते, त्यामुळे माझा आवाज मुळातच शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आहे. ऑकलंडमधली सगळ्यात उशिरा पोचणारी बस कोणाची, तर माझी. लांबून कुणी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत पळत येताना दिसलं की मी दार उघडं ठेवून बसते, आणि डेपोत बोलणी खाते. त्या बोलण्यांचीही मी गोष्ट करते आणि तीही लोकांना आवडते.

आत मात्र काही हलत नाही. वाळवंट, सैनिक, तंबू, सगळं मी पंगतीतल्या वाढप्यासारखं वाढत जाते. वाढप्याला भूक आहे का, हे कोण विचारतं?

मागच्या महिन्यात माझ्या मुलीच्या वर्गात प्रत्येकाला आपलं घर इथवर कसं आलं ते सांगायचं होतं. मुलगी बारा वर्षांची. इथेच जन्मली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. घरातून निघताना 'बाय' म्हणते, आणि फारच लाडात आली तर 'जाते' म्हणते. मग मी स्वयंपाकघरातून ओरडते, "जाते नाही गं, येते म्हण!" जाणाऱ्याने 'जातो' म्हणू नये, एवढं तरी माझ्या घरात टिकावं अशी माझी इच्छा आहे.

रविवारी दुपारी मी पोळ्या लाटत होते. ती वही घेऊन ओट्याशी उभी राहिली. ती इंग्रजीतच बोलली, पण लिहिणारी मी आहे, तेव्हा मराठीत लिहिते.

"आई, गाडीत किती माणसं होती? खरं सांग."

"अकरा. आणि शेळी."

"आजी फोनवर तीन म्हणाली."

"आजीला आता आठवत नाही."

"आजीला तुझे दहावीचे गणिताचे मार्क आठवतात. मला सांगितले तिने."

मी पोळी तव्यावर टाकली. ती म्हणाली, वर्गात तिची सगळ्यात जवळची मैत्रीण आहे, ती आईबरोबर लढाईतून पळून इथे आली. तिने शुक्रवारी सांगितलं. दोन मिनिटांत संपलं. आम्ही चालत निघालो, काका मागे राहिला, मग आम्ही इथे आलो. एवढं म्हणून ती खाली बसली.

"उद्या माझा नंबर आहे. मी तिच्यासमोर शेळी सांगू?"

"सांग की. हसतील सगळे."

"ती नाही हसणार. आणि नंतर तिला कळलं की हे खोटं आहे, तर ती माझ्याशी बोलेल का?" मग वही मिटून म्हणाली, "तिच्या गोष्टीत शेळी नाहीये, आई."

मी आणखी तीन पोळ्या लाटल्या. तिसरी करपली. मग गॅस बंद केला आणि सांगितलं.

तीन माणसं होती. आई, बाबा आणि मी. मागच्या सीटवर माझ्या शेजारी मिक्सर होता.

मी दहा वर्षांची होते. आमच्या इमारतीला एक हारिस होता. तिकडे इमारतीच्या राखणदाराला हारिस म्हणतात. तो इजिप्तचा, पन्नाशीचा, जिन्याखालच्या खोलीत राहणारा. खालच्या पोरांबरोबर खेळून मला अरबी येत होती, घरात इतर कुणाला धड येत नव्हतं, म्हणून त्याच्याशी बोलायचं काम माझं. आमच्याकडून तो एकच मराठी शब्द शिकला. बाबा ऑफिसला निघताना दारातून 'येतो' म्हणायचे. मी शाळेला निघताना 'येते' म्हणायचे. हारिस म्हणायचा, तुम्ही लोक उलटे, जाताना येतो म्हणता. पण म्हणणारा दुपारपर्यंत परत येतो, हे तो सहा वर्षं पायरीवर बसून बघत होता. मग तोही मशिदीत जाताना मला 'यत्तो' म्हणायला लागला, आणि यायचाही.

इराकी सैन्य शिरलं, त्यानंतर काही आठवडे आम्ही पडदे ओढून घरात बसलो. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डाळ-भात होता, मग नुसता भात होता. मी पत्त्यांचे बंगले करायचे. बाहेर आवाज झाला की बंगला पडायचा, मी पुन्हा करायचे. भीती वाटत होती का, असं मुलीने विचारलं. मला आठवत नाही. पत्ते आठवतात, त्यांतला चौकटचा गुलाम हरवला होता.

मग ओळखीच्या चार घरांनी चार गाड्यांतून जॉर्डनकडे निघायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी हारिस वर आला. मला जॉर्डनपर्यंत न्या, तिथून मला बोट मिळेल, असं त्याने माझ्यामार्फत बाबांना सांगितलं.

बाबा म्हणाले, "बघू."

मराठी घरात 'बघू'चा अर्थ काय होतो ते आपल्याला माहीत आहे. मी त्याला सांगितलं, "इन्शाल्ला." इतकं चपखल भाषांतर मी आयुष्यात पुन्हा केलं नाही.

सकाळी तो निळी रेक्झिनची बॅग घेऊन पायरीशी उभा होता. आईने मिक्सर गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला होता. आम्ही आदल्या सुट्टीत पुण्याहून आणलेला, नवा. तो मांडीवर घेता आला असता. पायाशीसुद्धा मावला असता. पुढच्या गाडीने हॉर्न वाजवला. बाबांनी गाडी सुरू केली आणि स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "येतो."

रोज म्हणायचे तसंच म्हणाले. तोंडातून सवयीने गेलं की मुद्दाम म्हणाले, मला माहीत नाही. बाबा आता नाहीत, आणि होते तेव्हा मी विचारलं नाही.

हारिसचा चेहरा खुलला. तो माझ्या खिडकीशी वाकला आणि अरबीत म्हणाला, "यत्तो? म्हणजे मला न्यायला परत येणार?"

मला दोन्ही भाषा येत होत्या. त्या गाडीत, त्या रस्त्यावर, फक्त मलाच येत होत्या.

"ऐवा," मी म्हणाले. हो.

त्याने बॅग पायरीवर ठेवली आणि तिच्याशेजारी बसला. उशीर होईल असं वाटून त्याने चपला काढल्या. मग गाडी वळली.

ती माझी पहिली थाप. एका शब्दाची, आणि आजवरची सगळ्यात जास्त पटलेली.

मुलीने विचारलं, "जागा होती?"

"होती."

"तुला माहीत होतं, तुम्ही येणार नाही?"

"हो."

"नंतर त्याचं काय झालं?"

"माहीत नाही."

तिने वहीतलं एक पान फाडलं. त्यावर शेळीचं चित्र काढलेलं होतं, चांगलं काढलं होतं. मग नव्या पानावर काहीतरी लिहायला लागली. मी परात धुतली. मला वाटलं होतं की एकदा सांगून टाकलं की रडू येईल किंवा निदान हलकं वाटेल. परात धुवून झाली, मी ती पालथी घातली.

सोमवारी माझी दुपारची पाळी नव्हती. सकाळी ती दारात बूट चढवत होती. पाठीवर दप्तर टाकून म्हणाली, "जाते."

तोंडापर्यंत आलेलं वाक्य मी तिथेच ठेवलं.

"बरं," मी म्हणाले. "जा."

तिने वळून बघितलं आणि गेली.

सव्वातीनला परत आली. फ्रिज उघडून उभी राहिली. कसं झालं, असं मी विचारलं. म्हणाली, ठीक झालं, कुणी हसलं नाही. मैत्रिणीने एकच प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर हिला देता आलं नाही.

"काय विचारलं?"

"मिक्सरचं पुढे काय झालं."

मी म्हणाले, "अम्मानच्या विमानतळावर सोडला. वजन जास्त होत होतं."