इश्वरच्या मशीनची नावं

धान कापून झाला की करडीचा इश्वर टुरिंग टॉकीजच्या तंबूमागे निघायचा. लाखांदूर, पवनी, जिथं तंबू तिथं तो. सिनेमाचं मशीन चालवायचा इश्वर, पण लायसन भय्याजीचं. भय्याजी खुर्चीत घोरायचा, आणि लोक ‘ऑपरेटरसाहेब’ म्हणून पान द्यायचे तेही त्यालाच. इश्वर नुसता हेल्पर.

१९७६ साली त्यानं लायसनच्या परीक्षेला बसायचं मनावर घेतलं. मशीनच्या एकेका भागाचं नाव विचारतात, असं कुणीतरी सांगितलं. सिनेमाच्या शब्दांचा मराठी कोश असतो, हेही त्यानंच सांगितलं. झालं! भंडाऱ्याची दुकानं, पवनीचं वाचनालय, नागपूरचे रद्दीवाले, सगळीकडे इश्वरनं चपला झिजवल्या. एक कोश बंगालीत निघाला, एक तमिळमध्ये. चित्रं बघून हळहळला आणि ठेवून आला. शेवटी एक हिंदी कोश हाती लागला.

तंबूतली नावं गावंढळ, असं समजून त्यानं ती तोंडातून हद्दपारच केली. धानाच्या रोवणीत, म्हणजे लावणीत, बायको ललिताबाई विचारायची, “दोन कांड्या भिडल्या का उजेड पडते, त्या कांडीले काय म्हनतेत जी?”

“विद्युदग्र!” इश्वर बांधावरून ओरडायचा. बाया पदराआड हसायच्या.

परीक्षेत साहेबानं नेमकं त्या कांडीवरच बोट ठेवलं. इश्वरनं कोशातलं नाव ठणकावून सांगितलं. साहेबाच्या कपाळाला आठ्या. “अहो, तुम्ही रोज काय म्हणता?”

रोज तो कार्बन म्हणायचा. एवढंच हवं होतं. पण चार महिने दाबून टाकलेला शब्द तोंडावर येईना. मशीनसमोर तो परक्यासारखा उभा राहिला. नापास.

पुन्हा बसायचं, पण मराठी कोश मिळाल्यावरच, असा त्यानं हट्ट धरला. त्या हट्टापायी वर्षं गेली. १९८५ साली कोश मिळाला, इंग्रजी, हिंदी, मराठी शेजारी शेजारी. तोवर गावात व्हिडिओ आला होता. टॉकीजच्या मालकानं मशीन भंगारात घातलं. तंबूचं कापड तेवढं इश्वरला मिळालं, ते त्यानं धानाच्या पुंजण्यावर, कापलेल्या पेंढ्यांच्या ढिगावर, टाकलं.

पुंजण्याला टेकून तो कोश चाळत बसला. ललिताबाईनं जुन्या सवयीनं विचारलं, “कांडीले काय म्हनतेत जी?”

त्यानं तिन्ही भाषांत सांगितलं. कुठंही अडखळला नाही.

“बराबर हाय का?” तिला वाचता येत नव्हतं.

“बराबर हाय. पन तुह्याबिगर आता विचाराले कोन राहिलं?”