राखेच्या बुधवारी शिजलेलं मटण

रेमेत मावशींचं नाव आधी घेतो, मग बाकीचं. वसईत त्यांच्या वाडीतल्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो, आणि आमचा संसार इथं टिकला तो त्यांच्यामुळं. माझी शाळा आठवीतच सुटली, तेव्हा लिहिताना चुकेल ते सांभाळून घ्या. पण गावाकडच्यांनी, आणि माझ्यासारखं गाव सोडून पुण्याला, सुरतेला गेलेल्यांनी हे वाचावं असं फार वाटतं.

निघालो त्या सकाळी श्रीरामपूरच्या स्टँडवर आई बसच्या खिडकीखाली उभी होती. मसाल्याची बरणी तिनं दोनदा उघडून बघितली, झाकण घट्ट आहे का म्हणून. तात्या, माझे वडील, गवंडीकाम करणारे, फार बोलायची सवय नाही. ते म्हणाले, "परक्या गावात आधी माणूस बघावा, मग घर." मार्था, माझी बायको, लेकीला, रूथला, मांडीवर घेऊन बसली होती. बस हलली आणि तिनं डोळ्याला लावलेला पदर पार कल्याणपर्यंत काढला नाही.

इकडं गोखिवऱ्यातल्या प्लास्टिकच्या कारखान्यात मला मशीनवर काम मिळालं. मी दिवसभर बाहेर, माणसांत. मार्था मात्र घरात. गावी आम्ही मोजकी ख्रिस्ती घरं, कौलारू प्रार्थनाघर, त्यात सगळ्यांनी मिळून जमिनीवर बसायचं. इथं वळणावळणावर क्रूस, मोठमोठी चर्चं, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाकावर बसणारी माणसं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीतच, गाणी ओळखीची, तरी बाहेर आल्यावर बायका विचारायच्या, तुम्ही कुठच्या? नगरकडच्या म्हटलं की "असं का," म्हणून पुढं जायच्या. दुसऱ्या धर्माच्या लोकांत परकं वाटलं असतं तर तिनं सोसलं असतं. आपल्याच लोकांत परकं वाटणं तिला सोसवेना.

एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "ईस्टर झाला की मी रूथला घेऊन गावी जाते. तुम्हाला यायचं तर या, नाहीतर राहा तुमच्या मशीनपाशी."

माझं जेवणात लक्ष लागेना. त्यातच व्हॅलेंटाईन डे आला. कारखान्यातली पोरं चिडवायला लागली, "भाई, भाभी के लिए कुछ लिया क्या, का नुसती ओव्हरटाईमची स्लिप देणार?" मला कुठलं सुचतंय असलं. पण ठरवलं, यंदा करायचं. मार्था सकाळी म्हणाली होती, संध्याकाळी मावशींबरोबर चर्चला जाते. म्हटलं बरंच झालं. सुट्टी झाल्यावर बदामाच्या आकाराचा केक आणला, मटण आणलं, आईच्या मसाल्यात शिजायला टाकलं. वास सगळ्या वाडीत पसरला.

नेमका त्याच दिवशी राखेचा बुधवार होता, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाचा पहिला दिवस. आता तुम्ही विचाराल, तो मला कळला कसा नाही. गावाकडच्यांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडं फादर किती गावं करून येणार? कधी शुक्रवारी, कधी थेट रविवारी. ते येतील तेव्हा कपाळाला राख, आणि त्या दिवशी आपला राखेचा बुधवार. इथं तो खरोखर बुधवारी असतो आणि त्या दिवशी मटणाला कुणी शिवत नाही, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

मावशी आणि मार्था परत आल्या त्या कपाळावर राखेचा क्रूस घेऊन. मार्थानं टोपाकडं बघितलं, केककडं बघितलं आणि ती दारातच थांबली. मला वाटलं, संपलं. ईस्टरचीही वाट बघायची नाही आता ही. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या नाताल काकूंचा आवाज आला.

"रेमेत, आज कोनाच्या घरात मटन शिजतंय गो?"

"माझ्या," मावशी म्हणाल्या. "उद्याचं आहे."

"उद्याचं आज?"

"बोकड म्हातारा आहे. त्याला आजपासून चढवायला लागतो."

मार्थाला हसू आवरेना. वसईत आल्यापासून तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. मावशी मला म्हणाल्या, "पोरा, शिजवलंस म्हनून पाप नाय लागत. बायकोसाठी केलंस ना, मग तोंड का पाडतोस?" टोप आणि केक त्यांच्या फ्रिजमध्ये गेला. त्या संध्याकाळी आम्हाला त्यांनी आपल्याबरोबर डाळभात वाढला.

गुरुवारी त्यांनी ओटीवर टेबल मांडलं आणि नाताल काकूंनाही बोलावलं. मला नंतर कळलं, मावशी ईस्टरपर्यंत चाळीस दिवस मटण खात नाहीत, लग्नाआधीपासूनचा नेम आहे. त्या दिवशी त्यांनी मार्थाच्या हातून वाढून घेतलं. नाताल काकू बघतच राहिल्या. मावशी म्हणाल्या, "देवाला मी समजावीन. तुम्ही जेवा." मग काकूंनीही ताट पुढं केलं, आणि जेवता जेवता मार्थाला विचारलं, हा मसाला भाजतात कसा? मार्था सांगत राहिली. केक रूथनं कापला, अर्धा तिच्या फ्रॉकला लागला.

पुढच्या रविवारी काकूंनी बाकावर सरकून मार्थाला जागा दिली.

ईस्टर आला, गेला. मी भीत भीतच विचारलं, गावी कधी निघायचं? मार्था मावशींचे पापड उन्हात घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मे महिन्यात. सगळे मिळून जाऊ. आणि परत येऊ."

तुम्ही विचारता, आता घर कुठलं? आई, तुझं दार माझंच आहे, पावसाचं वातावरण झालं की अजूनही आधी तुझ्या पत्र्याची काळजी वाटते. पण मार्था "परत येऊ" म्हणाली ते इथंच यायचं म्हणून, आणि मला ते ऐकून सुटल्यासारखं झालं.

मावशींची दोन्ही मुलं कॅनडात आहेत. फोन येऊन गेला की त्या बराच वेळ तो हातात धरून बसतात. मावशी, तुमचे गुडघे पायरी चढताना हल्ली कुरकुरतात, ते मी बघतो. चर्चपर्यंत चालवणार नाही असा दिवस येईल तेव्हा तुम्हाला कॅनडाला फोन लावावा लागणार नाही. माझा हात धरा. तो दिवस उशिरा येवो, पण येईल तेव्हा मी वाडीतच असेन.